तारीख उलटलेले कार्ड

ईदच्या तिसऱ्या दिवशी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवून तिने पर्समधून प्लास्टिकची एक चपटी डबी काढली आणि माझ्यासमोर उघडली. आत टपाल तिकिटाएवढे निळे मेमरी कार्ड होते. कॅमेऱ्यात घालतात तसे.

"सर, या कार्डापायी एक विमान अख्खी सकाळ जमिनीवर उभं होतं. चूक माझी."

मुलगी राजिवड्याची. आजोबा तांडेल होते, वडील आखातात. दहावीपर्यंत माझ्या वर्गात होती. आता कोकणाबाहेर वैमानिक घडवणाऱ्या एका संस्थेत ॲव्हिओनिक्स विभागात शिकाऊ तंत्रज्ञ आहे. ॲव्हिओनिक्स म्हणजे विमानातले रेडिओ, दिशादर्शक यंत्रे, वैमानिकासमोरचे पडदे. थोडक्यात, विमानाची विजेवर चालणारी सगळी अक्कल.

घडले ते असे. प्रशिक्षणाच्या एका विमानातील जुने कार्ड अधूनमधून वाचले जात नव्हते. नवे आणायचे काम हिच्याकडे आले. हिने शहरातल्या मोबाईलच्या दुकानातून ६४ जीबीचे कार्ड घेतले. मोठे आहे, वेगवान आहे, शिवाय स्वस्त. संगणकाने त्यावर नकाशांची ताजी माहिती निमूट लिहून घेतली. सकाळी विमानात कार्ड सरकवले, तर पडद्याच्या दृष्टीने ती खाच रिकामीच. तिचे वरिष्ठ रागावले नाहीत. "मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते कार्ड घेण्याआधी वाचायचं असतं," एवढेच म्हणाले. ते जास्त लागले, असे ती म्हणाली.

मग थोडी घुटमळली. "आणि सर, आणखी एक. वास्को द गामाला हिंदुस्थानचा रस्ता इब्न माजिदने दाखवला, असं तुम्ही शिकवलं होतं ना? मी तिथे जेवताना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. एकाने तिथल्या तिथे मोबाईलवर शोधून दाखवलं, की इतिहासकार हे आता मानत नाहीत. खरं काय?"

खरे ते होते जे तिच्या सहकाऱ्याने दाखवले. मी पंधराएक वर्षे वर्गात अभिमानाने सांगत आलो ती गोष्ट जुनी झाली होती, आणि मी ती तपासायला गेलो नव्हतो. तिचे कार्ड आणि माझा धडा, या दोन चुकांचे नाते जवळचे आहे, म्हणून हा लेख.

आधी कार्डाचे काय असते ते पाहू. विमानतळांच्या धावपट्ट्या, रेडिओच्या कंप्रता, हवाई मार्गांवरचे बिंदू, विमान उतरवण्याच्या पद्धती यांत जगभर सतत बदल होत असतात. पृथ्वीचे चुंबकीय उत्तर सरकते, म्हणून कधीकधी धावपट्टीचा क्रमांकसुद्धा बदलावा लागतो, कारण तो क्रमांक चुंबकीय दिशेवरूनच पडलेला असतो. प्रत्येक देशाने हे बदल मनाला येईल त्या दिवशी लागू केले तर आकाशात दोन नकाशे एकमेकांवर आदळतील. म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत २८ दिवसांचा एक फेरा ठरलेला आहे. फेरा गुरुवारी बदलतो. वर्षात असे १३ फेरे, क्वचित १४. आपल्याकडची मूळ माहिती भारतीय विमानतळ प्राधिकरण प्रसिद्ध करते. जेपसन, गार्मिन यांसारख्या कंपन्या ती यंत्राला कळेल अशा रूपात बांधतात. आणि शेवटी कोणीतरी ती कार्डावर उतरवून विमानापर्यंत चालत घेऊन जाते. त्या शेवटच्या पन्नास पावलांची जबाबदारी माझ्या विद्यार्थिनीची.

आपल्याच किनाऱ्याचे उदाहरण घ्या. सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. मोप्याहून विमाने जानेवारी २०२३ पासून उडू लागली. २०२१ च्या उन्हाळ्यात भरलेले कार्ड घेऊन आज कोणी निघाला, तर त्या कार्डाला या दोन्ही गोष्टींची खबर नाही. कार्ड खोटे बोलत नाही. ते फक्त त्याच्या तारखेपर्यंतचे खरे सांगते.

उर्दूत 'तारीख' शब्दाला दोन अर्थ आहेत, दिनांक आणि इतिहास. मराठीने पहिला घेतला आणि दुसरा अरबी-फारसीकडेच राहू दिला. उर्दूच्या तासाला मुले हमखास विचारतात, की एकाच शब्दाला दोन अर्थ का? इतकी वर्षे मी ठरावीक उत्तर देत होतो. आता हे कार्ड दाखवीन म्हणतो.

माहितीला मुदत असते हे माणसाला विमानाच्या फार आधी कळले होते. उस्तुरलाब, म्हणजे ॲस्ट्रोलेब, हे पितळी यंत्र पाहा. त्याच्या पोटात एकावर एक तबकड्या असतात आणि प्रत्येक तबकडी ठरावीक अक्षांशासाठी कोरलेली असते. प्रवासी उत्तरेकडे गेला की आतली तबकडी काढायची, दुसरी बसवायची. बदलायचे कार्डच म्हणा ना. मुघल काळात लाहोरच्या उस्ताद अल्लाहदाद यांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या अशी यंत्रे घडवली. त्याच्याही आधी, १३७० मध्ये, फिरोजशाह तुघलकाच्या दरबारी असलेल्या महेंद्र सूरी या जैन पंडिताने याच यंत्रावर संस्कृतात 'यंत्रराज' हा ग्रंथ लिहिला. आता गंमत अशी, की यंत्राच्या वरच्या जाळीत ताऱ्यांची टोके कोरलेली असतात आणि संपात चलनामुळे ताऱ्यांची स्थाने सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकतात. आजोबांचे यंत्र नातवाच्या हाती येईपर्यंत किंचित चुकीचे झालेले असते. पितळ तसेच चकचकीत असते, म्हणून ते चुकत असेल असा संशय येत नाही.

मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण पंचांगाचे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' रचले. गणित इतके सुटसुटीत, की पुढे साडेतीनशे वर्षे पंचांगे त्यावरच चालली. तोवर आकडे आणि आकाश यांत अंतर पडले होते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ मध्ये युरोपातील नव्या वेधांच्या आधारे दुरुस्त पंचांग काढले, तेव्हा स्वागत कमी आणि वाद जास्त झाला. या साऱ्याची साक्षेपाने नोंद करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे आपल्याच जिल्ह्यातल्या मुरूडचे आणि पेशाने शिक्षक. ताजे आकडे मिळणे सोपे असते, जुने सोडवत नाहीत. हे पंचांगवाल्यांचेच दुखणे आहे असे समजून कोणी हसू नये. माझे इब्न माजिद प्रकरण वर आलेच आहे.

समुद्रावरचा शब्द होता 'मुअल्लिम'. नाखुदा जहाजाचा धनी किंवा कप्तान, आणि वाट दाखवणारा तो मुअल्लिम. गुजरात-कच्छच्या खलाशांनी त्याचे 'मालम' केले आणि त्यांच्या सागरी टिपणांच्या वह्या 'मालमनी पोथी' म्हणून प्रसिद्ध आहेत. मुअल्लिमचा मूळ अर्थ शिकवणारा, शिक्षक. इल्म, मालूम, मुअल्लिम हे सगळे एकाच धातूचे. म्हणजे जहाजावर जो वाट दाखवी त्याला आमच्याच धंद्याचे नाव होते. या मुअल्लिमांच्या वाटवह्यांना 'रहमानी' म्हणत. शब्द मुळात फारसी 'रहनामा', म्हणजे वाटेचे पुस्तक. कोणत्या बंदरावर ध्रुव किती बोटे उंच दिसतो, कोणत्या महिन्यात वारा फिरतो, पाण्याचा रंग कुठे बदलतो, कुठे खडक आहेत, असे सगळे त्यात. ध्रुवाची उंची मोजायला 'कमाल' नावाची लाकडी फळी असे, मध्ये दोरी आणि दोरीला गाठी. दाभोळ, चौल, जयगड अशा बंदरांच्या किनाऱ्यावर वाढलेल्या आम्हा कोकणी मुसलमानांना हे पूर्वजांचे सामान वाटते, आणि ते चुकीचेही नाही.

पंधराव्या शतकातला अहमद इब्न माजिद हा या विद्येतला सर्वांत मोठा लेखक. बाप मुअल्लिम, आजा मुअल्लिम. त्याचा 'किताब अल-फवाइद' सुमारे १४९० चा. त्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नव्हती: हा माणूस वडिलांच्या आणि आजोबांच्या टिपणांना डोळे मिटून मान देत नाही. स्वतः त्या पाण्यात जातो, पडताळतो, चूक असेल तिथे दुरुस्त करतो. आधीच्या नामवंत लेखकांनी ऐकीव माहिती गोळा केली, समुद्र पाहिला नाही, असा त्याचा आक्षेप आहे.

आणि आपण त्याच्याबद्दल काय लक्षात ठेवले? त्याने १४९८ मध्ये मालिंदीहून वास्को द गामाला कालिकतला आणले हे. ही कथा प्रसिद्ध झाली ती मक्केतल्या कुतुबुद्दीन नहरवाली या सोळाव्या शतकातल्या इतिहासकाराच्या एका उल्लेखावरून. त्याने घटनेनंतर अनेक दशकांनी लिहिले, आणि त्यात इब्न माजिदला दारू पाजून वाट काढून घेतल्याचा तपशील आहे. पोर्तुगीज साधने वेगळेच सांगतात. सफरीची रोजनिशी वाटाड्याला ख्रिस्ती म्हणते. त्या वेळी गामाची माणसे हिंदूंनाही ख्रिस्तीच समजत होती. बार्रुश हा त्यांचा इतिहासकार त्याला गुजरातचा मुसलमान म्हणतो आणि नाव देतो 'मालेमो काना'. मालेमो म्हणजे आपला मुअल्लिम. पदवीचेच नाव होऊन बसले! इब्न माजिदच्या स्वतःच्या लेखनाशीही ही कथा जुळत नाही. शारजाचे शासक सुलतान अल-कासिमी यांनी तर ती खोडून काढण्यासाठी पुस्तक लिहिले. मी मात्र शिकवतच राहिलो, कारण गोष्ट छान होती आणि मुलांचे डोळे चमकत.

माझे एक मामा मर्चंट नेव्हीत सेकंड ऑफिसर होते. सुट्टीवर आले की आम्ही पोरे त्यांच्याकडून वादळांच्या गोष्टी काढू पाहायचो आणि ते सांगायचे नकाशे दुरुस्त करण्याच्या. दर आठवड्याला ब्रिटिश नौदलाच्या नकाशा विभागाच्या सूचना येत: अमुक दिवा बंद, तमुक ठिकाणी जहाज बुडाले आहे, अमक्या खोलीचा आकडा बदला. मामा जांभळट शाईच्या बारीक पेनाने ते नकाशावर उतरवत आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात वर्ष व सूचनेचा क्रमांक लिहीत. नकाशा हातात घेतला की आधी तो कोपरा पाहायचा, मग समुद्र. आम्हाला तेव्हा हे कंटाळवाणे वाटे.

विमानाची सुरुवात याहून उघडीवाघडी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा ना रेडिओ ना दिशादर्शक. होकायंत्र, नकाशा आणि खालची जमीन. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा विमाने पुण्याला न्यावी लागत. त्याच सुमारास अमेरिकेत एल्रे जेपसन हा टपाल वैमानिक खिशातल्या काळ्या वहीत मैदानांची लांबी, टेकड्यांची उंची, जवळच्या शेतकऱ्याचा फोन नंबर असे टिपत होता. इतर वैमानिक ती वही मागू लागले तेव्हा त्याने १९३४ मध्ये प्रती विकायला काढल्या. रहमानीच ती, फक्त कोलोरॅडोच्या बाजूची. पुढे तिची सुटी पाने घालायची जाड बाइंडर झाली. नवी पाने पोस्टाने यायची, जुनी काढून फेकायची. मग हे काम संगणकाकडे गेले. बोइंग ७४७-४०० सारखे अवाढव्य विमान दर २८ दिवसांनी साडेतीन इंची फ्लॉप्यांवरून ताजे होत असे, हे वाचून मला आमच्या शाळेतली संगणक खोली आठवली.

लहान विमानांत फ्लॉपीची जागा कार्डांनी घेतली. १९९८ च्या सुमारास आलेल्या गार्मिन ४३० ला कंपनीचे स्वतःचे वेगळ्या घडणीचे कार्ड लागे. त्यात जागा मोजक्या मेगाबाइटची, आणि लिहायला खास रीडर. असे कार्ड बिघडले तर बाजारात पर्याय नाही. त्याच जातीचे शोधावे लागते. नंतरच्या जी १००० मध्ये साधे एसडी कार्ड चालू लागले. प्रत्येक पडद्याला दोन खाचा. वरच्या खाचेतून दिशादर्शनाची माहिती यंत्रात उतरवून कार्ड काढून घ्यायचे; खालच्या खाचेत भूभाग आणि अडथळ्यांच्या माहितीचे कार्ड उड्डाणातही तिथेच राहते.

"साधे एसडी" या दोन शब्दांनीच माझ्या विद्यार्थिनीला फसवले. बाहेरून सगळी कार्डे सारखी दिसतात, एकाच खाचेत बसतात, पण आत तीन पिढ्या आहेत. मूळ एसडी २ जीबीपर्यंत. एसडीएचसी त्यापुढे ३२ जीबीपर्यंत. त्याहून मोठे ते एसडीएक्ससी, ज्याची माहिती मांडण्याची पद्धतच वेगळी. नवे यंत्र जुने कार्ड वाचते. जुने यंत्र नवे कार्ड वाचत नाही. लॅपटॉप नवा, त्याने ६४ जीबीचे कार्ड ओळखले. विमानाचा पडदा आधीच्या पिढीतला, त्याने ओळखले नाही. नवे पुस्तक हाती दिले, पण लिपीच शिकवलेली नाही, अशातला प्रकार. त्यामुळे पहिला प्रश्न कार्ड केवढे आहे हा नसून आपल्या यंत्राची, त्यातल्या सॉफ्टवेअरची पुस्तिका कोणते कार्ड सांगते हा असतो. त्यात कार्डाचा भाग क्रमांक दिला असेल तर वाद संपला.

वेगाचा आकडा तर सपशेल बिनकामाचा. तो व्हिडिओ काढणाऱ्यांसाठी. इथे कार्डाला वर्षानुवर्षे बिनचूक वाचले जायचे असते. फ्लॅश मेमरी म्हणजे लहान लहान कप्प्यांत कोंडलेला विद्युतभार. तो उष्णतेने हळूहळू झिरपतो, आणि पुसून लिहिण्याचे फेरेही मोजके असतात. मे महिन्यात उन्हात उभ्या विमानाची काच काय तापते ते सांगायला नको. साधे एसडी कार्ड उणे २५ ते ८५ अंशांसाठी बनवलेले असते. औद्योगिक प्रतीचे उणे ४० ते ८५ पर्यंत, आणि ते जास्त फेरे सोसते. पुस्तिकेत बसत असेल तर हे दुसरे घ्यावे, असे तिचे मत झाले आहे. मोबाईलचे बारके कार्ड ॲडॅप्टरमध्ये घालून वापरू नये, हेही ती शिकली. विमानाच्या थरथरीत एक जोड वाढला म्हणजे एक कारण वाढले. आमच्या खाऱ्या हवेत तर सोनेरी पट्ट्यांवर कधी डाग पडेल सांगता येत नाही.

सर्वांत वाईट ते नकली कार्ड. वर नामांकित कंपनीचे नाव, आत थोडीशी जागा, आणि 'माझ्यात भरपूर जागा आहे' असे संगणकाला सांगणारा बनावट नियंत्रक. थोडी माहिती लिहा, सगळे ठीक. जास्त लिहा, की पुढची माहिती हवेत जाते आणि कार्ड तक्रारही करत नाही. यावर उपाय एकच: नवे कार्ड विमानाजवळ नेण्याआधी संगणकावर काठोकाठ भरायचे आणि सगळे परत वाचून ताडून पाहायचे. मी तिला म्हटले, हदीसच्या अभ्यासकांनी मजकुराआधी सांगणाऱ्यांची साखळी तपासली ती याच धास्तीने. ती हसली. "सर, आमच्याकडे पावती तपासतात."

यावर कोणी म्हणेल, यंत्र स्वतःच चूक पकडते ना? पुष्कळ पकडते. सुरू होताना माहितीची मुदत पडद्यावर येते आणि वैमानिकाने बटण दाबून ती पाहिल्याचे कबूल करावे लागते. दोन पडद्यांतली माहिती जुळली नाही तर इशारा येतो. पण माहिती ताजी असून माणसाला ठाऊक नसेल तर? २८ नोव्हेंबर १९७९ रोजी एअर न्यूझीलंडचे पर्यटकांचे विमान अंटार्क्टिकावर गेले. मार्गातल्या एका बिंदूचे रेखावृत्त बराच काळ चुकीचे नोंदलेले होते. निघण्याच्या काही तास आधी ते दुरुस्त झाले. दुरुस्ती योग्य होती, फक्त वैमानिकांना कोणी सांगितले नाही. त्यांच्या समजुतीप्रमाणे मार्ग सपाट बर्फाळ खाडीवरून होता. नव्या आकड्यांप्रमाणे तो थेट ३,७९४ मीटर उंच एरेबस पर्वताकडे जात होता. २५७ माणसे गेली, एकही वाचले नाही. म्हणून कार्ड बदलले की वहीत नोंद: काय बदलले, कोणत्या फेऱ्याचे, कोणी, कधी. त्या नोंदीखालची सही कार्डाहून महाग.

तिने आणलेल्या डबीतले कार्ड तेच ६४ जीबीचे होते. ते मला द्यायलाच ती आली होती. "तुमच्या व्याख्यानांचे फोटो ठेवा यात." मी ते माझ्या कॅमेऱ्यात घातले, चालले.

ती उठण्याआधी मी आठवीच्या टिपणांची माझी वही काढली. इब्न माजिदच्या पानावर वास्को द गामाच्या ओळीवर रेघ मारली, समासात 'मालेमो काना, गुजरात' लिहिले आणि खाली त्या दिवसाची तारीख घातली. शाई लालच मिळाली, जांभळी घरात नव्हती. तिने वाचून पाहिले आणि सही करायला लावली.

दारात चपला घालत असताना मी विचारले, "पुढचा फेरा कधी गं?"

तिने मोबाईल न काढता गुरुवारची तारीख सांगितली.